'ओके' म्हणजे नक्की काय?

फोनवर अर्धवट ऐकून 'हो हो, ओके' म्हणत ठेवून देता ना? पायलटला ही चैन नाही. कंट्रोलरने सांगितलेली उंची, रनवे, परवानगी त्याला पुन्हा म्हणून दाखवावी लागते. हा 'रीडबॅक'. आकडा चुकला तर कंट्रोलर तिथल्या तिथे पकडतो.

एवढी कटकट कशाला? तर २७ मार्च १९७७ बघा. टेनेरिफचा विमानतळ, दाट धुकं. एकाच रनवेवर दोन जंबो. केएलएमचा को-पायलट म्हणाला, आम्ही आता टेकऑफला आहोत. कंट्रोलरला वाटलं, उभे आहेत. तो म्हणाला 'ओके', आणि पुढे, 'टेकऑफसाठी थांबा, मी सांगतो.' नेमकं तेव्हाच पॅन ॲमवालेही बोलले की आम्ही अजून रनवेवरच आहोत. या रेडिओवर दोघं एकदम बोलले की नुसती शिट्टी वाजते. केएलएमला धड ऐकू आलं ते फक्त 'ओके'. विमान तर आधीच धावत सुटलं होतं. ५८३ माणसं गेली.

त्यानंतर 'टेकऑफ' हा शब्द फक्त त्याची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, असं ठरलं. 'नाइन' आणि 'फाइव्ह' कानाला सारखे वाटतात, म्हणून रेडिओवर नऊला 'नाइनर' म्हणतात. ऐकायला गंमत वाटते खरी!

आणि हो, फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी किंवा इंजिनीअरिंग करताय? भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या एटीसी भरतीवर लक्ष ठेवा. तिथे लेखी परीक्षेनंतर तुमच्या आवाजाचीही चाचणी होते.