तुमची आयडिया दुसऱ्यानं आधी मांडली तर?

समजा, वीस वर्षं तुम्ही एका विचारावर काम करताय, पण छापलेलं काहीच नाही. आणि एक दिवस कुणीतरी तोच विचार लिहून तुमच्याचकडे पाठवतो, 'जरा वाचून बघा' म्हणून. काय कराल?

चार्ल्स डार्विनवर जून १८५८ मध्ये हीच वेळ आली. सजीवांच्या जाती बदलतात, असं त्यानं १८४४ मध्येच वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकरला कळवलं होतं. तेही खुनाची कबुली द्यावी तसं बिचकत! 'लवकर छाप, नाहीतर दुसरा कुणी पुढं जाईल,' असं भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल १८५६ पासून बजावत होता. झालंही तसंच. मलाय द्वीपसमूहातून आल्फ्रेड वॉलेसचा लेख आला. त्यात नैसर्गिक निवडीचीच कल्पना होती.

डार्विननं तो दडपला नाही, लायेलकडे पाठवला. आपण क्षुद्रपणे वागलो असं वॉलेसला वाटण्यापेक्षा पुस्तक जाळलेलं बरं, असंही कळवलं. त्याच दिवसांत त्याचं तान्हं बाळ गेलं. अखेर लायेल आणि हूकरनं पुढाकार घेतला आणि १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचंही लेखन वाचलं गेलं. डार्विनचा पुरावा कोणता? १८४४ चं हस्तलिखित आणि १८५७ मध्ये अमेरिकेतल्या एसा ग्रेला लिहिलेलं पत्र.

वॉलेसला मात्र कुणी आधी विचारलंच नाही. हे योग्य होतं का? कट्ट्यावर खुशाल वाद घाला. पण त्याआधी तुमच्या डोक्यातली आयडिया तारीख घालून एखाद्या विश्वासू मित्राला लिहून पाठवा.