पत्रातल्या प्रश्नांवर चालणारा टीव्ही शो : 'टर्निंग पॉइंट'ची मुळं गावातच सापडतात

माळशिरस : रॉकेट, कॉम्प्युटर, अंतराळ असल्या गोष्टींचं ज्याला वेड लागलं त्याला इंग्रजीत 'गीक' म्हणतात. आपल्याकडं 'पोरगं येडं झालंय' म्हणून मोकळे होतात. अशा वेड्यांच्या गप्पांचे शो आता अकलूज काय न् नातेपुते काय, कुठंही मोबाइलवर दिसतात. पण असा कार्यक्रम देशभर घराघरात नेला तो दूरदर्शनच्या 'टर्निंग पॉइंट'नं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला.

सूत्रसंचालक होते गिरीश कार्नाड. कन्नड नाटककार, पण जन्म माथेरानचा. 'उंबरठा' सिनेमात स्मिता पाटीलच्या नवऱ्याचं काम केलेले तेच. आणि प्रेक्षकांनी पाठवलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे प्रा. यशपाल. पांढरे केस, शांत बोलणं. प्रश्न साधा आहे म्हणून कुणाला कमी लेखायचं नाही, ही त्यांची रीत.

हे यशपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ. पुढं इस्रोच्या अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे पहिले संचालक झाले. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर त्यांच्या काळात 'साइट' प्रयोग चालला. अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांत थेट टीव्ही दाखवला. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण सोलापूरला खेटून असलेला विजापूर जिल्हा होता. डिश होती कोंबडीच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, दहा फुटांची. गावात एकच टीव्ही, आणि त्याच्यासमोर सगळं गाव.

त्याच्याही आधी, १९७२ मध्ये, मध्य प्रदेशात होशंगाबादच्या शाळांत प्रयोग करून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. यशपाल आणि त्यांच्या संस्थेतले शास्त्रज्ञ मदतीला होते. तिथली खेड्यातली पोरं 'सवालीराम' नावाच्या माणसाला पत्रानं प्रश्न विचारायची. असा माणूस प्रत्यक्षात नव्हताच, पण उत्तर मात्र यायचं! पुढं टीव्हीवर जे चाललं, त्याचं बी इथं दिसतं.

महाराष्ट्रातही असंच एक उदाहरण आहे. डॉ. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. किती पोरांनी त्या सहीपायी डोकं खाजवलं असेल!

टीव्ही किती बदलला हे ग्रहणांवरून कळतं. १६ फेब्रुवारी १९८० ला कारवार-अंकोल्याकडून रायचूरच्या बाजूनं खग्रास ग्रहणाचा पट्टा गेला. लोकांनी बाहेर पडू नये म्हणून दूरदर्शननं त्या दुपारी चक्क हिंदी सिनेमा लावला. २४ ऑक्टोबर १९९५ ला मात्र त्याच दूरदर्शननं ग्रहण थेट दाखवलं आणि समजावून सांगायला यशपाल होते. पंधरा वर्षांत 'घरात बसा'पासून 'बघा' इथवर.

गावोगावी तेवढा बदल झालाय का? आजही ग्रहणाच्या दिवशी गरोदर बाईला विळी धरू देत नाहीत, शिजलेलं अन्न टाकून देतात. ग्रहण म्हणजे चंद्राची सावली. तिनं अन्न नासत नाही की पोटातल्या बाळाला काही होत नाही. धोका एकच, उघड्या डोळ्यांनी सूर्याकडं बघण्याचा.

पुढचं ग्रहण लांब नाही. २ ऑगस्ट २०२७, सोमवार. इजिप्तमध्ये खग्रास, आपल्याकडं दुपारनंतर खंडग्रास. पावसाळी ढग आडवे आले नाहीत तर दिसेल. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा गॉगल चालत नाही. आयएसओ १२३१२-२ लिहिलेला ग्रहणाचा चष्माच लागतो. तो नसेल तर पुठ्ठ्याला सुईनं बारीक भोक पाडायचं, सूर्याकडं पाठ करायची आणि भोकातून पांढऱ्या कागदावर पडलेला कवडसा बघायचा. चावलेल्या भाकरीसारखा सूर्य कागदावर दिसतो.

त्या दिवशी शाळा भरलेली असणार. मास्तरांनी पुठ्ठे आत्तापासून जमवायला हरकत नाही.