शेत शेतकऱ्याचे, हरीण सरकारचे

बीदर जिल्ह्यातल्या औराद, भालकी भागात पाऊस होऊन सोयाबीनला दोन-चार पानं फुटली की पहाटेच्या अंधुक उजेडात कळप शिवारात उतरतो. माद्या, पाडसं आणि त्यांच्यात एखादा पीळदार शिंगांचा काळाभोर नर. कोवळे शेंडे खुडत काळविटं ओळीमागून ओळ पुढे सरकतात. सोयाबीन झालं की तूर, पुढे हरभरा. कुणी बांधाला जुन्या साड्या बांधतो, कुणी डबे वाजवतो, कुणी माळ्यावर रात्र काढतो. साड्यांना हरणं चार दिवस बिचकतात, मग सरावतात.

खातातच आहेत, तर पाळून विकू का नयेत? पारावर हा प्रश्न हसत विचारला जातो, पण तो अगदीच वेडगळ नाही. न्यूझीलंडने 1969 साली कायदा बदलून हरीणपालनाला वाट करून दिली. अमेरिकेतही अनेक राज्यांत परवाना, उंच कुंपण आणि कानातले बिल्ले यांच्या अटींवर खासगी हरणं पाळली जातात. आपल्याकडे एमूपालनाचं खूळ येऊन गेलंच.

हरणाचं तसं नाही, तिथे कायदा आडवा येतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. कलम 39 तर बारकाईने वाचण्याजोगं आहे. बंदिवासात ठेवलेला किंवा तिथे जन्मलेला वन्यप्राणी राज्य सरकारची मालमत्ता ठरतो. मेलेला सापडला तरी तसंच. असा प्राणी हाती आल्यास 48 तासांत पोलिसांना किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन वर्षं कैद आहे. म्हणजे तूर खाईपर्यंत काळवीट कुणाचंच नसतं, आणि शेतकऱ्याने दावणीला बांधलं की सरकारचं होतं!

शिवाय काळवीट हे शास्त्राने खरं हरीणही नव्हे, ते कुरंग. न्यूझीलंडचा धंदा मांसाबरोबरच दरवर्षी नव्याने उगवणाऱ्या मृगशिंगांवर चालतो. काळविटाची शिंगं झडतही नाहीत.

कळप कोंडून ठेवणं सरकारलाही सोपं जात नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये बेळगावजवळच्या भुतरामनहट्टी इथल्या सरकारी प्राणिसंग्रहालयात 38 पैकी 31 काळविटं काही दिवसांत दगावली. कारण निघालं घटसर्प, गुराढोरांना होणारा तोच. डॉक्टर आणि कर्मचारी हाताशी असताना ही गत. गोठ्याशेजारी हरणांचे वाडे झाले तर रोग इकडून तिकडे जायला कितीसा वेळ लागणार? खासगी पालनाला बंदी आहे ते बरंच आहे.

पण मग चराईचा हिशेब कुणी चुकवायचा? कर्नाटकात नुकसानीचा अर्ज वनखात्याकडे जातो. जमिनीचा पहाणी उतारा, फोटो, बँक खातं, मग वनरक्षकाची स्थळपाहणी. मिळणाऱ्या रकमेला कागदोपत्री सानुग्रह अनुदान म्हणतात, म्हणजे मेहेरबानी. कळपाला तर राज्याची हद्दही ठाऊक नाही: औरादचा शेजार लातूरच्या देवणी-उदगीरचा, आळंदचा शेजार अक्कलकोटचा. कायदा दोन्हीकडे एक, भरपाईची कचेरी आणि नियम मात्र वेगळे.

माणसं कायद्यात अडकतात ती बहुधा दयेपोटी. काळविटाचं पाडस पहिले काही दिवस गवतात निपचित पडून राहतं आणि आई थोड्या अंतरावर चरत असते. खुरपणीला आलेल्याला ते पोरकं वाटतं, तो उचलून घरी नेतो, बाटलीने दूध पाजतो. वरच्या कलमाप्रमाणे तेव्हापासून त्याच्या घरात सरकारी मालमत्ता असते.

असं पाडस दिसलं तर हात लावू नका, कुत्री हाकला आणि बाजूला व्हा. जखमी असेल तर वनखात्याला 1926 वर कळवा. आणि पीक खाल्लं गेलं असेल तर दुबार पेरणीसाठी पाळी घालण्याआधी फोटो काढून अर्ज द्या. नांगरलेल्या रानात पाहणीला काही उरत नाही.