दारातली गाडी आणि प्रेशरचे मशीन



खंडेनवमी जवळ आली, की आपल्याकडे गाड्या धुण्याची एकच घाई उडते. बॉयलर अग्निप्रदीपनाची पत्रिका घरात येऊन पडलेली असते, तोडणी-वाहतुकीचे करार उरकलेले असतात, आणि ट्रॅक्टर, दोन्ही ट्रॉल्या, जीप, पोराची नवी कार अशी सगळी वरात विहिरीवर येते. पूर्वी दोन बादल्या, गोणपाट आणि एक गडी एवढ्यावर भागायचे. आता पुष्कळांच्या घरी प्रेशरने धुण्याचे विजेचे मशीन आले आहे, आणि ज्यांच्याकडे नाही ते घ्यायच्या विचारात आहेत. गट कार्यालयात बसलो, की ऊस नोंदीच्या खालोखाल आम्हाला हाच प्रश्न येतो, "कोणतं घ्यावं हो?" म्हणून या अंकात जरा सविस्तर लिहीत आहोत.

यंत्र तसे फार नवे नाही. जर्मनीत अल्फ्रेड कार्चर यांनी १९५० साली गरम पाण्याचे उच्च दाबाचे धुण्याचे यंत्र तयार केले. घरी उचलून नेता येईल असे छोटे मशीन त्यांच्याच कंपनीने १९८४ साली आणले. आज अनेक कंपन्या अशी मशिने विकतात.

आतली रचना आपल्या फवारणीच्या एचटीपी पंपाची धाकटी भावंडे म्हणावी अशी. मोटर एक तिरकी चकती फिरवते, चकतीमुळे छोटे पिस्टन मागेपुढे होतात, आणि पाणी बारीक नोझलमधून बाहेर ढकलले जाते. दाब मोजायचा तो बारमध्ये. १ बार म्हणजे ढोबळमानाने दर चौरस सेंटिमीटरला १ किलो. कारच्या टायरात आपण जी तीस-बत्तीस पौंड हवा भरतो, ती जेमतेम सव्वादोन बार होते. घरगुती मशीन १०० बारच्या आसपास काम करते. म्हणजे टायरातल्या हवेच्या चाळीसपट दाब! हा आकडा डोक्यात ठेवून पुढचे वाचावे.

आता खोक्यावरचे आकडे. दुकानदार मोठा आकडा दाखवतो, "साहेब, २०० बार!" तो बहुतेक वेळा कमाल दाब असतो. सतत काम करतानाचा दाब खाली बारीक अक्षरात लिहिलेला असतो. शिवाय नुसत्या दाबाने चिखल वाहून जात नाही, त्याला मागून पाणीही लागते. म्हणून मिनिटाला किती लिटर तेही पाहावे. खरेखोटे करण्याची एक सोपी युक्ती आहे. बार आणि लिटर यांचा गुणाकार करावा आणि ६०० ने भागावे. जे उत्तर येईल तितके किलोवॅट काम पाणी करते. ११० बार आणि ६ लिटर म्हणजे ६६०, भागिले ६००, म्हणजे १.१ किलोवॅट. १५०० वॅटच्या मोटरीला हे जमण्यासारखे आहे. पण त्याच १५०० वॅटच्या मोटरीवर कोणी २०० बार आणि १० लिटर लिहिले असेल, तर हिशेब ३.३ किलोवॅटचा होतो. दीड किलोवॅट घेऊन सव्वातीन देणारी मोटर अजून जन्माला आलेली नाही. असे खोके तिथेच ठेवून यावे.

मोटर दोन जातीची. एक कार्बन ब्रशची, हलकी, स्वस्त आणि आवाजाने गल्ली जागी करणारी. दुसरी इंडक्शनची, जड, महाग, पण शांत आणि टिकाऊ. पंधरवड्यातून एकदा कार आणि मोटरसायकल धुणार असाल तर पहिली चालते. मात्र चार भाऊबंद मिळून एकच मशीन घेण्याचा विचार असेल, किंवा ट्रॅक्टर-ट्रॉल्या रोजच्या असतील, तर इंडक्शन मोटर आणि पितळी डोक्याचा पंप यावरच पैसे घालावेत असे आमचे स्पष्ट मत आहे. हलकी मशिने सलग चालवायची नसतातच. किती मिनिटांनी विश्रांती द्यायची ते पुस्तिकेत दिलेले असते. आपण मात्र सकाळी चालू केलेले जेवणवेळेला बंद करतो. मग मशीन जळाले की कंपनीच्या नावाने शंख! आणखी एक. सीलचा संच, गन, कार्बन ब्रश हे सुटे भाग तालुक्याला मिळतात का, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारावे.

मशिने मोडतात ती बहुतेक पाण्यापायी. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात बारीक वाळू येते, ती पंपातल्या व्हॉल्व्हवर आणि सीलवर कानशीसारखी चालते. पाणी आधी टाकीत निवळू द्यावे, आणि मशीनच्या तोंडाशी जाळीची गाळणी असल्याशिवाय बटण दाबू नये. ही गाळणी दर खेपेला काढून धुवायची असते. क्षारांचे पाणी नोझलचे भोक बुजवते, ते बारीक तारेने मोकळे करावे. तसेच पंपाला पुरेसे पाणी मिळते का ते तपासावे. दहा लिटरची बादली नळाखाली ठेवून घड्याळ लावा. मिनिटात भरली तर सहा-सात लिटरच्या मशीनला काळजी नाही. दोन मिनिटे लागली तर पंप उपाशी राहतो, खडखडतो, आतून खराब होतो. पिंपातून पाणी ओढायचे असेल तर मशीन स्वतः ओढणारे आहे का हे विकत घेतानाच विचारा, कारण सगळी ओढत नाहीत.

चालू करण्याचीही रीत आहे. आधी नळ सोडावा, मोटर बंदच ठेवून गनचा घोडा दाबावा, हवा निघून अखंड धार आली की मग बटण. बंद करताना उलटे: आधी मोटर, मग नळ, आणि शेवटी घोडा दाबून पाइपातला दाब काढून टाकावा. कोरडा पंप अर्धा मिनिटही फिरवू नये.

विजेबद्दल हयगय नकोच. ओल्या जमिनीवर, अनवाणी पायांनी, हातात पाण्याची गन आणि मागे जोड दिलेली वायर, हे दृश्य आम्ही वस्त्या-वस्त्यांवर पाहतो आणि पोटात गोळा येतो. खरी अर्थिंग असलेला पंधरा अँपिअरचा प्लग, ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी आणि पायात रबरी बूट, एवढे झाल्याशिवाय मशीन लावू नये. लांबणीसाठी पातळ वायर घेतली तर ती तापते आणि व्होल्टेज पडते. संध्याकाळी आधीच व्होल्टेज कमी असते, तेव्हा मोटर जळायला वेळ लागत नाही.

दुसरा धोका झोताचा. जवळून बसलेला झोत कातडीला बारीक भोक पाडून आत शिरतो. वरून जखम टाचणीएवढी दिसते, रक्तही फारसे येत नाही, म्हणून माणूस हळद लावून गप्प बसतो. आत मात्र पाणी आणि घाण दूरवर पसरलेली असते, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. अशी जखम झाली तर त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जावे आणि प्रेशरच्या मशीनने झाली हे डॉक्टरांना सांगावे. पोरे एकमेकांवर किंवा बैलांवर गन धरतात, त्यांच्या हाती ती देऊच नये.

आता धुण्याकडे वळू. कार सावलीत, थंड झाल्यावर धुवावी. नोझल रंगावरून ओळखतात: लाल शून्य अंशाचे, पिवळे १५, हिरवे २५, पांढरे ४०. कारच्या रंगाला पांढरे किंवा हिरवे, तेही फूट-दीड फुटावरून. लाल नोझल आणि गोल फिरणाऱ्या झोताचे नोझल कारपाशी आणूच नये, रंगाचे पापुद्रे निघतात. टायरच्या बाजूच्या भिंतीवरही जवळून मारू नये. आधी चाकांवरचा मातीचा थर, मग शाम्पूचा फेस, दोन-तीन मिनिटांनी वरून खाली धार. कपड्याची पावडर वापरू नका. आणि काही झाले तरी शेवटी मऊ कापडाचा हात फिरवावाच लागतो, नुसत्या झोताने धुळीचा पातळ थर जात नाही.

ट्रॅक्टरला वेगळी नजर लागते. पुढच्या चाकांच्या बेअरिंगची सीले शिंतोडे अडवायला केलेली असतात, शंभर बारला नव्हे. झोत थेट बसला तर ग्रीस धुऊन जाते, पाणी आत राहते, आणि ऐन हंगामात, ट्रॉल्या भरून रस्त्यात असताना, बेअरिंग जाते. तेव्हा हब, किंगपिन, ट्रॉलीचे रिंग-हूक यांच्यापासून झोत लांब ठेवा, आणि धुणे झाले की प्रत्येक निप्पलला ताजे ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घालावा. एअर क्लीनर, स्टार्टर, अल्टरनेटर, मीटर यांवर पाणी नको. इंजिन गरम असताना डिझेल पंपावर गार पाणी मारू नये. रेडिएटरमध्ये पाचटाचा भुगा अडकलेला असतो, तो साध्या नळाच्या धारेने आतल्या बाजूने बाहेर काढावा. प्रेशरने पत्र्याच्या नाजूक पाती वाकतात आणि मग इंजिन तापते.

काहीजण विचारतात, घरात एचटीपी आहे, त्यानेच धुतले तर? चालते, चिखलाला तो पुरतोही. पण त्याच टाकीतून आणि पाइपातून तणनाशक गेलेले असते. तीन वेळा धुतल्याशिवाय तो गाडीला लावू नये, आणि ते धुवण विहिरीत किंवा पाटात सोडू नये.

काम झाल्यावर पाइपाला पीळ न देता मोठी वेटोळी करावी, जोडाच्या रबरी कड्यांना चिमूटभर सिलिकॉन ग्रीस लावावे, आणि मशीन उन्हापासून दूर, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावे. खाली ठेवले तर उंदीर वायर सोडत नाहीत.