घरगुती सर्वेक्षण संगणकावर : प्रश्न कसा विचारावा?

२०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार राज्यांमध्ये सर्वांत कमी दरडोई मासिक खर्च छत्तीसगडचा आहे : ग्रामीण भागात २,७३९ रुपये व नागरी भागात ४,९२७ रुपये. देशाची सरासरी अनुक्रमे ४,१२२ व ६,९९६ रुपये होती. रायपूरहून होणाऱ्या नियोजनात अशा आकड्यांना मोल असते. म्हणूनच ते कोणत्या प्रश्नांतून निघतात, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

स्मरणाची मर्यादा

२०२२-२३ मध्ये या सर्वेक्षणात कागदी पत्रकाऐवजी टॅबलेट आला. यंत्र विसंगत नोंद जागीच दाखविते, गैरलागू प्रश्न वगळते. परंतु उत्तर देणाऱ्याची स्मरणशक्ती वाढवीत नाही. १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत अन्नावरील खर्च एकाच कुटुंबाला सात व तीस अशा दोन्ही दिवसांसाठी विचारला गेला. एका उत्तराची छाया दुसऱ्यावर पडली आणि दारिद्र्याच्या अंदाजांची पूर्वीच्या फेऱ्यांशी तुलना वादग्रस्त ठरली. आता भाजीपाला, फळे, अंडी, मांस यांसाठी सात दिवस, कपडे व टिकाऊ वस्तूंसाठी ३६५ दिवस आणि धान्यासारख्या वस्तूंसाठी तीस दिवसांचा काळ धरतात. एकाच भेटीऐवजी तीन भेटींत तीन प्रश्नावल्या भरल्या जातात.

खर्च नसलेला उपभोग

छत्तीसगडच्या खेड्यात तांदूळ घरच्या शेतातून किंवा शिधापत्रिकेवर येतो, मोहफुले जंगलातून येतात. तेथे केवळ ‘खर्च किती?’ असे विचारल्यास उत्तर ‘शून्य’ येईल आणि ते खोटेही नसेल. त्यामुळे वस्तूचे परिमाण व ती कोठून मिळाली, हे विचारणे आवश्यक असते. मोफत मिळालेल्या वस्तूंचे मूल्य धरून काढलेली ग्रामीण सरासरी देशपातळीवर ४,२४७ रुपये झाली, ती यामुळेच.

स्वतः माहिती भरताना

२०२७ च्या जनगणनेत कुटुंबाने स्वतः ऑनलाइन माहिती भरण्याची सोय ठेवण्यात आली. मात्र प्रगणकाची भेट कायम आहे. नमुना सर्वेक्षण केवळ ऑनलाइन घेतल्यास ज्यांच्याकडे स्मार्टफोन वा अक्षरज्ञान नाही, तेच वगळले जातील. अशा निवडदोषावर नमुना मोठा करणे हा उपाय नव्हे.

यासाठी प्रश्नांची पूर्वचाचणी छत्तीसगडी, हलबी व गोंडी बोलणाऱ्या कुटुंबांत व्हावी. पडद्यावर स्थानिक मापे असावीत आणि ‘माहीत नाही’ हे उत्तर ‘शून्या’पासून वेगळे नोंदले जावे. गरिबाचा उपभोग मोजण्यात चूक झाली, तर त्याच्यासाठीची योजनाही चुकते.