पक्षाघातानंतर – लेखांक ६ : इस्ट्रोजेन आणि वयस्क मादी

मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध देण्याचे पहिले साडेचार तास हुकले, तर लुळा पडलेला हात पुन्हा किती हलेल? हार्मोन देऊन तो जास्त हलवता येईल का, हे प्रयोगशाळेत आधी उंदरांवर पाहिलं जातं.

उंदराच्या मानेतल्या रोहिणीतून नायलॉनचा बारीक धागा मेंदूच्या मधल्या रोहिणीच्या तोंडापर्यंत सरकवतात आणि काही वेळाने काढून घेतात. १९८९पासून ही पद्धत रूढ आहे. मेंदूच्या ज्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला, तिच्या विरुद्ध बाजूचा पंजा दुबळा होतो. मग उंदराला काचेच्या नळकांड्यात ठेवायचं. तो मागच्या पायांवर उभा राहून भिंत चाचपतो, तेव्हा कोणता पंजा किती वेळा टेकवतो, हे मोजायचं. किंवा पंजावर चिकटपट्टी लावून ती काढायला किती सेकंद लागतात, ते पाहायचं.

पण आकडा सुधारला म्हणजे पंजा सुधारला, असं नाही. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाच्या इयान व्हिशॉ यांनी उंदरांच्या हालचालींचं चित्रण सावकाश फिरवून पाहिलं. फटीतून दाणा उचलण्यात उंदीर पुन्हा यशस्वी होत होते, पण पंजा वळवण्याऐवजी अख्खं धड वळवून. पक्षाघात झालेला माणूसही कपाकडे हात न्यायला खांदा आणि पाठ पुढे ढकलतो. हार्मोनाने मेंदू सावरला की प्राण्याने पळवाट शोधली, हे निव्वळ यशाच्या टक्केवारीवरून कळत नाही. माझ्या मते चित्रणाशिवाय असा दावा स्वीकारूच नये.

इस्ट्रोजेनबद्दल आशा होती ती तरुण माद्यांमुळे. त्यांच्या मेंदूला नरांपेक्षा कमी इजा होते. अंडाशय काढले की हा फायदा जातो, इस्ट्रोजेन दिलं की बराचसा परततो. पण पक्षाघात होणाऱ्या बहुतेक स्त्रिया पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या असतात. टेक्सासमध्ये फरीदा सोहराबजी यांच्या गटाने ऋतुचक्र थांबलेल्या माद्या घेतल्या. त्यांना इस्ट्रोजेन दिल्यावर मेंदूतला मृत भाग वाढला. हा निष्कर्ष २०१०चा. त्याआधीच, २००१मध्ये, अमेरिकेत नुकताच पक्षाघात किंवा त्याचा क्षणिक झटका येऊन गेलेल्या ६६४ स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली होती. त्यातल्या निम्म्या स्त्रियांना इस्ट्रोजेन दिलं होतं. ती चाचणी हालचालीची नव्हती, दुसरा झटका टाळण्याची होती. तो टळला नाहीच, उलट इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत पक्षाघाताने होणारे मृत्यू जास्त दिसले.

औषध म्हाताऱ्या प्राण्यांत आणि नर-मादी दोघांतही तपासा, ही शिफारस तज्ज्ञांनी १९९९मध्येच केली होती. वयस्क उंदीर महाग पडतात, शस्त्रक्रियेत जास्त दगावतात, म्हणून ते टाळले जातात. हे कारण मला पटत नाही. औषध ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्या वयाचा प्राणी पहिल्याच फेरीत हवा.

सोहराबजी यांच्या गटाला आणखी एक गोष्ट आढळली. वयस्क माद्यांत आयजीएफ-१ हे हार्मोन घटलेलं होतं आणि ते थेट मेंदूत सोडल्यावर इजा कमी झाली. पुढच्या लेखांकात या आयजीएफ-१बद्दल.