मत्स्यालयातील प्रकाशयोजना

शोभिवंत मासे पाळण्याच्या काचेच्या टाकीतील नैसर्गिक वा कृत्रिम प्रकाशाची तीव्रता, कालावधी व वेळ यांच्या नियोजनास मत्स्यालयातील प्रकाशयोजना म्हणतात. मासे स्पष्ट दिसावेत हा तिचा सर्वपरिचित हेतू होय. तथापि माशांचे वर्तन, रंग, प्रजनन व आरोग्य यांवर प्रकाशाचा परिणाम होत असल्याने त्यातील बदल विचारपूर्वक करावे लागतात.

आकस्मिक बदल : बहुतेक अस्थिमत्स्यांना पापण्या नसतात व त्यांच्या डोळ्यांतील बाहुली फारशी आकुंचन पावत नाही. जालपटलातील शलाका व शंकू कोशिका आणि रंजकद्रव्य यांच्या स्थानांत बदल होऊन डोळा प्रकाशाशी जुळवून घेतो; या क्रियेस बराच वेळ लागतो. त्यामुळे काळोख्या खोलीत टाकीवरील दिवा एकदम लावल्यास मासे बिथरून सैरावैरा धावतात, काचेवर आपटून जखमी होतात किंवा झाकण नसल्यास टाकीबाहेर उडी मारून मरतात.

दैनिक लय : माशाच्या मेंदूवरील तृतीय नेत्र पिंड प्रकाशसंवेदी असतो. कार्ल फोन फ्रिश यांनी १९११ मध्ये दाखविले की, डोळे निकामी केलेल्या मिनो माशांतही या भागावर पडणाऱ्या प्रकाशाने त्वचेचा रंग पालटतो. या पिंडातून अंधारात मेलॅटोनीन हे हॉर्मोन स्रवते. रात्रभर दिवा चालू राहिल्यास हा स्राव घटतो व विश्रांतीत व्यत्यय येतो. झेब्रा मासा दिनचर असून पहाट होताच अंडी घालतो. प्रयोगशाळांत त्याला सामान्यतः १४ तास प्रकाश व १० तास अंधार देतात. याउलट अनेक मार्जारमीन निशाचर असल्याने त्यांना दिवा मालवल्यावर खाद्य देणे हितावह असते.

रंग व प्रजनन : निऑन टेट्राच्या अंगावरील निळा-हिरवा चमकदार पट्टा अंधारात फिका वा जांभळट होतो व प्रकाशात पूर्ववत होतो, हा आजार नव्हे. हा मासा ॲमेझॉन खोऱ्यातील गडद, सावलीच्या पाण्यात राहणारा असून त्याची अंडी प्रखर प्रकाशात टिकत नाहीत. गोल्डफिश दीर्घकाळ अंधारात ठेवल्यास फिकट पडतो.

पाण्यावरील परिणाम : अतिप्रकाशाने शैवले माजतात. दिवसा वनस्पती ऑक्सिजन सोडतात. रात्री मात्र श्वसनासाठी तो वापरतात व कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो. त्यामुळे दाट वनस्पती असलेल्या टाकीत पहाटे मासे पृष्ठभागी येऊन धापा टाकताना दिसतात. थेट उन्हाने पाणी तापते. २५° से. तापमानास गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ८·३ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळू शकतो, ३०° से.ला हे प्रमाण सुमारे ७·६ मिग्रॅ. इतके उतरते.

नियोजन : सर्वसाधारण टाकीस ८ ते १० तास प्रकाश पुरतो. तो रोज ठराविक वेळी देण्यासाठी स्वयंचलित कालनियंत्रक वापरतात. सकाळी प्रथम खोलीत उजेड करून काही वेळाने टाकीवरील दिवा लावावा. रात्री आधी टाकीवरील व नंतर खोलीतील दिवा मालवावा. जुना दिवा बदलून अधिक प्रखर दिवा बसविताना प्रकाश व त्याचा अवधी काही दिवसांत क्रमाक्रमाने वाढवावा. तरंगत्या वनस्पती, दगड व कपारी यांमुळे माशांना सावलीचा आसरा मिळतो.